पाचव्या मजल्यावरचं ताट

राग आला की मी भांडी घासते. घासलेली असली तरी परत घासते. त्या संध्याकाळी घरातलं मोठं पातेलं मी इतका वेळ घासत बसले की आपा म्हणाली, "खालाम्मा, आता त्याला भोक पडेल." तरी राग उतरला नाही, आणि आज हे लिहायला बसलेय तेव्हाही पुरता उतरलेला नाही. कारण काय, तर माझ्या पोटच्या मुलानं मला सांगितलं होतं, "अम्मी, वर जाऊन त्या जपानी बाईला क्लियर करून ये. आपण बंगाली नाही म्हणून."

वर म्हणजे पाचव्या मजल्यावर. आम्ही तिसऱ्यावर. गाव फुजैरा. दुबईसारखी इथे गर्दी नाही, आपल्या लोकांची घरं थोडी, त्यामुळे कोण कुणाकडे गेलं हे सगळ्यांना कळतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि त्या समुद्रात तेलाची जहाजं नांगर टाकून उभी. माझा मुलगा त्या जहाजांना भाजीपाला, मटण, पिठाची पोती पुरवतो. सून जहाजांच्याच एका एजन्सीत कामाला आहे. नात दहावीत, तिच्याशी मी मराठीत बोलते, ती मला इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि दोघींचं छान चालतं.

आपा आमच्याकडे कामाला आली तेव्हा ही नात रांगत होती. पोरीनं तिला आपा म्हणायला सुरुवात केली आणि मग घरातले सगळेच म्हणू लागले. ती बांगलादेशची, दक्षिणेकडची, समुद्राच्या अगदी काठावरची. मला खालाम्मा म्हणते, म्हणजे मावशी. तिच्याकडे वयानं मोठ्या बाईला असंच म्हणतात. आम्ही मूळचे रत्नागिरीच्या खाडीवरचे, तेव्हा आम्हा दोघींना मासे आणि भात मिळाला की दुसरं काही लागत नाही. मुलगा म्हणतो, आपाच्या नादानं अम्मी पण बंगाली व्हायला लागली. हे तो आधी हसून म्हणायचा.

आता ताटाचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

रमजानात शेजारी ताट पाठवायचं ही आमची गावाकडची सवय. शेजारी कोण, कुठल्या जातीचा, रोजा धरतो की नाही, हे बघायचं नाही. आणि ज्याच्याकडे ताट गेलं त्यानं ते रिकामं परत करायचं नाही. काही नसलं तर मूठभर साखर, दोन केळी, पण काहीतरी ठेवायचंच. गेल्या रमजानात पाचव्या मजल्यावर एक जपानी जोडपं राहायला आलं. नवरा तेलाच्या टाक्यांच्या कंपनीत, बाई घरी. साठीला टेकलेली असेल, केस आखूड, अंगानं चिमणीएवढी. लिफ्टमध्ये भेटली की मान लववायची. मी म्हटलं, परक्या मुलखात आलीय बिचारी, आणि सांदणं केली होती ती ताटात घालून आपाच्या हाती वर पाठवली. सांदणं म्हणजे तांदळाच्या रव्याची, नारळाच्या दुधातली, वाफवलेली. ती आपाच करते हल्ली. माझ्या मनगटात आता तो जोर नाही, मी बाजूला खुर्ची टाकून बसते आणि चुका काढते.

दुसऱ्या दिवशी ताट परत आलं. इतकं स्वच्छ की आपण ते कधी घासलंच नव्हतं की काय असं वाटावं. वर एका चौकोनी रुमालात बांधलेला लाकडी डबा. गाठ अशी की सोडायला जीव होईना. आत तांदळाच्या पिठाचे लुसलुशीत गोळे, आणि त्यांच्यात लाल दाण्यांचं गोड पुरण. जपानची माझी ओळख तोवर एका थर्मासपुरती होती. माझे मालक जहाजावर होते, त्यांनी तिकडच्या कुठल्या बंदरातून आणला होता, फुलाफुलांचा. तो अजून गावच्या घरी आहे, आणि अजून चहा गरम ठेवतो.

तर आता आला ना तिचा डबा. तो रिकामा कसा परत करायचा? मी त्यात नानकटाई घातली, मावली नाही ती वेगळ्या ताटलीत ठेवून पाठवली. झालं. तिनं नानकटाईच्या ताटलीत भाताचे त्रिकोणी लाडू पाठवले, काळ्या पातळ कागदासारख्या शेवाळात गुंडाळलेले. मी ताटलीवर कोळंबीचं लोणचं पाठवलं. ईद झाली, बकरी ईद झाली, उन्हाळा आला, तरी आमचं खाली-वर चालूच. सून म्हणाली, "अम्मी, कुणीतरी एकानं थांबायला हवं ना. हा लूप झालाय."

"मी कशी थांबू? तिला थांबू दे."

आपानं वर विचारून आणलं, तर त्यांच्यातही तसंच. आलेल्या वस्तूची परतफेड केल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. म्हणजे दोन हट्टी बायका एकमेकींच्या दोन मजले खाली-वर, आणि मधे आपाच्या पायांना विश्रांती नाही. पण आपाची तक्रार नव्हती, आणि त्याला कारण होतं.

पहिल्याच दिवशी आपा वरून आली ती दाराला टेकून उभी राहिली. म्हणाली, "ती बांगला बोलते."

"कोण?"

"जपानी बाई. मी ताट दिलं, तर तिनं विचारलं, तुझं गाव कुठलं. बांगलात. गावाकडच्या बांगलात, खालाम्मा, टीव्हीवरच्या नाही."

ती बाई लग्नाआधी बांगलादेशात राहिली होती. त्यांच्या सरकारनं तरुण पोरापोरींना तिकडच्या खेड्यात कामाला पाठवलं होतं, त्यातली ही एक. एका खेड्यात बायकांबरोबर राहून परसात भाजी कशी लावायची, लहान पोरांचं वजन कसं बघायचं, असलं काम केलं. त्यांच्याच घरात झोपली, त्यांच्याच तळ्यात आंघोळ केली. आणि ती भाषा इतक्या वर्षांत विसरली नाही. मी इथे अर्धं आयुष्य काढलं, मला अरबी किती येतं? यल्ला, खलास, इन्शाल्ला.

आपाच्या गावातही जपान होताच. तिच्या बोलण्यात मी पूर्वी ऐकलं होतं, पण तेव्हा नीट लक्ष दिलं नव्हतं. गावात खांबांवर उभी केलेली एक पक्की शाळा आहे. एरवी पोरं शिकतात, आणि वादळ आलं की सगळं गाव जिन्यानं वर जातं. दाराशी एक पाटी आहे, पाटीवर दोन झेंडे, एक त्यांचा आणि एक जपानचा. लांबून दोन्ही सारखेच दिसतात म्हणे, मधे लाल गोल. आपाची मुलगी त्याच शाळेत शिकली. आपा इकडे आमची भांडी घासत होती त्या वर्षी मोठं वादळ आलं, आणि ती पोरगी आजीबरोबर त्या शाळेत वरच्या मजल्यावर बसून राहिली. घराचं छप्पर गेलं, पोरगी राहिली, आणि आजीनं हट्टानं वर ओढून नेलेली शेळीही राहिली. आपा फोनवर रडत होती, ते मला आठवतं. फोन ठेवून तिनं परत पोळ्या लाटायला घेतल्या तेही आठवतं.

म्हणून तिला वर जायला आवडायचं. कुणाला तरी हे सांगता यायचं, आणि समोरच्या बाईला ती शाळा, तो जिना, ते पाणी सगळं समजायचं. आमच्या घरात कुणी विचारलं होतं? सुनेला विचाराल तर आपाचं गाव ढाक्याजवळ आहे असं सांगेल, कारण तिला बांगलादेशातलं तेवढं एकच नाव ठाऊक.

आता या वर्षीचा रमजान. संध्याकाळी मगरिबची अजान झाली की मुलगा, सून आणि नात टेबलावर बसतात. ऑफिसमधून तशीच आलेली असतात, कडक कपड्यांत, एका हातात खजूर आणि दुसऱ्या हातात फोन. मला खुर्चीवर पाय लटकवून रोजा सोडवत नाही. मी स्वयंपाकघरात चटई टाकते, आणि आपा आणि मी एकाच ताटात घेतो. कुरमुरे, उकडलेले चणे, कांद्याची भजी कुस्करून, वर मोहरीचं तेल. ही तिच्याकडची पद्धत, मला तिनंच लावली. टेबलावर काही लागलं की आपा उठून देऊन येते, परत बसते.

अशा वेळी बेल वाजली. नातीनं दार उघडलं. पाचव्या मजल्यावरची बाई, हातात आमचं ताट, वर रुमाल. तिनं टेबलाकडे पाहिलं, चपापली, आणि तिघांना चांगली कमरेतून वाकून मान लववली. मग चपला काढून सरळ स्वयंपाकघरात आली. आम्हा दोघींना एका ताटाशी बसलेलं बघून तिचा चेहरा असा खुलला की काय सांगू. चटईवर गुडघे मुडपून बसली आणि आपाशी भराभर बोलली. मला इतकंच समजलं की शनिवारी इफ्तारनंतर वर जेवायला या, दोघी. ईद झाली की नवऱ्याची बदली आहे, ते जपानला परत जाणार. जाता जाता बाहेर टेबलाशी थांबली आणि माझ्या मुलाला इंग्लिशमध्ये म्हणाली, "प्लीज एन्जॉय. दे आर व्हेरी काइंड पीपल, फ्रॉम बांगलादेश." परत वाकली आणि गेली.

दार लागलं. मग नात हसत सुटली. "ओ माय गॉड, पप्पा. शी थिंक्स वी आर द गेस्ट्स."

आणि तसंच होतं ते. मी आपाला विचारलं तर तिनं खाली बघत सांगितलं. त्या बाईला वाटत होतं की घर आमचं, म्हणजे आपाचं आणि माझं. रांधणारी आपा, ताट आणणारी आपा, मी तिची खाला. आणि टेबलावरचे ते नटूनथटून बसलेले, ज्यांना आपा उठून उठून वाढत होती, ते पाहुणे. ती ज्या खेड्यात राहिली तिथे पाहुण्यांना आधी बसवून खायला घालतात, आणि घरच्या बाया मागून चुलीपाशी एका ताटात जेवतात. मग तिनं दुसरं काय समजायचं होतं? आत येताना ती आपाला म्हणालीसुद्धा होती, तुमच्याकडे पाहुणे आहेत, मी अवेळी आले.

मला तर हसूच आलं. पण माझ्या मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"व्हेरी काइंड पीपल फ्रॉम बांगलादेश," तो म्हणाला. "अम्मी, तिचा नवरा कुठल्या पोस्टवर आहे माहितीये? त्यांच्या कंपनीची जहाजं आपण सप्लाय करतो. तो काय समजेल?"

"काय समजेल?"

"की आपण बंगाली आहोत."

"मग?"

"मग काय मग? अम्मी, प्लीज. तू जाऊन क्लियर कर. आम्ही इंडियन, हे आमचं घर, आणि ती आमची मेड आहे. सिंपल."

सून म्हणाली, "रागावून नाही सांगायचं, अम्मी. हसत हसत सांगा. त्यांना पण ऑकवर्ड नको."

आपा बाहेरच्या रिकाम्या वाट्या गोळा करत होती. तिला मराठी चांगलं समजतं. इतक्या वर्षांत भिंतीला पण समजलं असतं. ती वाट्या घेऊन आत आली आणि मी पातेलं घासायला घेतलं.

हे तिथेच संपलं असतं तर मी गिळलं असतं. पण शुक्रवारी शारजाहून मुलाचा मित्र आणि त्याची बायको इफ्तारला आले. आपलेच लोक, रायगडकडचे. तो काँट्रॅक्टर आहे, त्याच्याकडे सगळे मजूर बांगलादेशी. जेवणं झाली, आणि माझ्या मुलानं तो किस्सा मीठमसाला लावून सांगितला. मित्र टाळी देऊन हसला. "हबीबी, तुला बंगाली केलं? कफील बदलून घे आता." कफील म्हणजे इथला व्हिसा देणारा मालक. मग जरा गंभीर होऊन, कांदा सोलावा तसा देशांचा हिशोब सोलायला लागला. म्हणाला, "जपानी लोकांना या बंगाल्यांचं फार आहे. पूल बांधून देतात, रेल्वे देतात, बंदर देतात. काय उपयोग? फुकट मिळतं तोवर कोण काम करणार? आणि जपान काय धर्म करतंय का, कर्ज असतं ते. उद्या वसूल करतील."

आपा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं एकेकासमोर कप ठेवला. त्याच्यासमोरही ठेवला, साखर विचारून.

मी दाराशी बसले होते. मी म्हटलं, "बाबा, एकदाच काय ते ठरव. फुकट देतात की कर्ज देतात?"

"खाला, मी जनरल बोलतोय."

"जनरल नको, मला नीट सांग. फुकट खातात म्हणालास. तुझ्या साइटवर उन्हात सळ्या कोण बांधतं? तू बांधतोस? रोजा धरून बांधतात ते. आणि कर्ज असलं तर असू दे. कर्ज काढून ज्यानं पोरांच्या डोक्यावर पक्कं छप्पर घातलं त्याला भिकारी म्हणतात का? तुझी गाडी कशावर आहे, ती खाली उभी आहे ती पांढरी?"

त्याची बायको खाली बघून हसली. मुलगा म्हणाला, "अम्मी, बस."

"बस काय? तुझा बाप कोण होता?"

"अम्मी."

"सांग ना याला. लाजतोस?" मग मीच सांगितलं. माझे मालक जहाजावर भंडारी होते. भंडारी म्हणजे स्वयंपाकी. आमच्या खाडीवरच्या निम्म्या घरांतले पुरुष तेच करायचे. गोऱ्या साहेबांना रांधून घालायचे आणि स्वतः भटारखान्यात उभ्यानं जेवायचे. सुट्टीवर घरी आले तरी टेबलावर बसायचे नाहीत, भिंतीशी ताट घेऊन बसायचे, कारण टेबल म्हटलं की त्यांना वाढायची सवय, बसायची नाही. "त्यांनाही कुणीतरी बघून म्हणत असेल, हे लोक असेच. त्यांच्या त्या पैशांवर तू शिकलास आणि आज जहाजांना मटण विकतोस. आणि तुला कुणी बंगाली म्हटलं तर तुझी इज्जत जाते?"

मित्र म्हणाला, "खाला, तुम्ही सीरियस झालात." मी म्हटलं, चहा पी, निवतोय. आणि आत गेले. माणूस समोर उभं असतं, त्याच्या हातचा चहा आपण घेतो, आणि त्याच्या देशाबद्दल असं बोलतो की जणू समोर कपाट आहे. हे लोक वाईट नाहीत. माझा मुलगाही वाईट नाही. आपा आजारी पडली तेव्हा त्यानंच तिला रात्रभर हॉस्पिटलात सोबत केली होती. म्हणून तर जास्त राग येतो. वाईट माणसाचा काय राग करायचा?

शनिवारी दुपारी आपा इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. मुलाचे शर्ट नव्हते. एक सुती साडी होती, हिरवी, लाल काठाची. तिच्या पेटीत तळाशी असते ती, इथे आपा ती कधी नेसली नव्हती. इथे ती सलवार-कमीज घालते, सुनेचे जुने. इस्त्री फिरवता फिरवता, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "खालाम्मा, तुम्ही आज तिला सांगणार?"

"तुला काय वाटतं?"

बराच वेळ ती काठाचीच घडी सारखी करत राहिली. मग म्हणाली, "या देशात मला कुणी जेवायला बोलावलं नाही. कामाला बोलावतात. एकदा बसू द्या. जेवण झालं की मग सांगा. ती परत जाणारच आहे."

मी पण माझा चांगला दुपट्टा काढला आणि म्हटलं, यावरही फिरव इस्त्री.

वर गेलो. बाईनं दारातच दोघींच्या चपला वळवून, टोकं बाहेर करून ठेवल्या, म्हणजे जाताना सरळ पाय घालता यावा. नवरा कामानं बाहेर होता. टेबल मांडलेलं, आणि टेबलावर काय असेल? मला वाटलं होतं काही कच्चंबिच्चं असेल, मनाची तयारी करून गेले होते. तर भात, डाळ, तळलेलं वांगं, आणि मोहरी वाटून केलेला मासा. बांगलादेशचं जेवण, त्या खेड्यात शिकलेलं. आपा बघतच राहिली. बाईनं तिला खुर्ची ओढून दिली आणि स्वतःच्या हातानं वाढलं. आपानं पहिला घास घेतला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मीठ कमी आहे." मी तिला कोपरानं ढोसलं.

मग मजा झाली. बाई आपलं ताट शेवटच्या शितापर्यंत साफ करून खाते. त्यांच्यात ताटात काही टाकणं वाईट. आणि आपाला समोरचं ताट रिकामं दिसलं की हात गप्प राहत नाही. "आरेकटू," म्हणजे आणखी थोडं, असं म्हणत पाहुणीच घरधनिणीला वाढायला लागली. तिनं वाढायचं, हिनं साफ करायचं, परत वाढायचं. शेवटी बाई खुर्चीला पाठ टेकून, तोंडावर हात ठेवून हसायला लागली आणि आपानं पळी खाली ठेवली.

पळी खाली ठेवली आणि म्हणाली, "मी त्यांच्याकडे काम करते."

मी सांगणार नव्हते. मुलाला सांगेन की विसरले, म्हातारी आहे, असं मी लिफ्टमध्येच ठरवलं होतं. पण आपानं स्वतः सांगितलं. बांगलात सांगितलं, तरी मला शब्द न् शब्द समजला. घर खालाम्माच्या मुलाचं. टेबलावर बसले होते तो मुलगा आणि सून. ते पाहुणे नाहीत. मी मेड आहे. मग इतकंच म्हणाली, "तुमच्या घरचं खाऊन खोटं नाही बोलवत."

बाईनं आपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाटलं, झालं, आता हिची नजर बदलणार. ती नजर मला माहीत आहे, इथल्या लिफ्टमध्ये रोज दिसते. बाईनं दोन्ही हातांनी गाल धरले आणि मला विचारलं, आपानं ते मला हिंदीत सांगितलं, "मी तुमच्या मुलाला म्हटलं की पाहुण्यांनो, नीट जेवा?"

"म्हटलंत," मी म्हणाले.

बाई कानापर्यंत लाल झाली. मी हसले, मग आपा हसली, मग तीही. हसता हसता आपाच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि बाईनं तिच्या ताटात आणखी एक वांग्याचा काप टाकला. बस, इतकंच. मेड, खाला, घर कुणाचं, यावर ती परत एक शब्द बोलली नाही. आपाची खुर्ची जिथे होती तिथेच राहिली.

जेवणानंतर आम्ही सोफ्यावर बसलो. सोफ्याच्या पाठीवर एक गोधडी होती. बारीक धावदोरा, मासे, कमळं, एक हत्ती. आपानं ती बोटांनी चाचपली. "ही आमच्याकडची नाही. उत्तरेकडच्या बाया असं भरतात." बाईनं सांगितलं, ती राहिली होती ते खेडं उत्तरेलाच होतं. ती जपानला परत गेली, लग्न झालं, वर्षं गेली. मग तिच्या माहेरच्या गावात भूकंप झाला आणि समुद्र आत आला. तिचं घर गेलं, आई वाचली. आणि काही महिन्यांनी त्या खेड्यातून एक गाठोडं आलं. बायांनी कुणाकुणाच्या जुन्या साड्या जमवून गोधड्या शिवल्या होत्या. ज्यांच्या स्वतःच्या घरात धड पांघरूण नव्हतं त्या बायांनी. तिची आई त्या हिवाळ्यात ही गोधडी पांघरून शाळेच्या हॉलमध्ये झोपली.

आपानं तेव्हा आपल्या शाळेचं सांगितलं. पाटीचं, मुलीचं, शेळीचं. वर जाऊन तिनं हे कितीदा सांगितलं असेल, पण आज हात जोडून, आभार मानायला सांगत होती. बाई कसनुशी झाली. म्हणाली, ती शाळा मी नाही बांधली. आमच्याही देशात एके काळी काही उरलं नव्हतं, तेव्हा आम्हालाही बाहेरून कुणी कुणी दिलं. आणि मग गोधडीवर हात ठेवून म्हणाली, "हे पण आलं ना."

मला शारजाचा तो काँट्रॅक्टर आठवला. जपान देतं आणि हे नुसतं खातात, असं म्हणाला होता. त्याला कुणी सांगितलं असेल का की ताट परत आलं होतं, आणि रिकामं आलं नव्हतं? कुठल्या टीव्हीवर दाखवलं? पुलाची फीत कापताना दाखवतात. साड्यांच्या चिंध्या शिवणाऱ्या बाया कोण दाखवणार?

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारी बेल वाजली. बाई नीट कपडे करून आली होती, नवऱ्यालाही घेऊन. माझ्या मुलासमोर उभी राहून दोघं अशी वाकली की तो गडबडून मागे सरकला. माझी चूक झाली, माफ करा, असं इंग्लिशमध्ये म्हणाली आणि रुमालात बांधलेला डबा दोन्ही हातांनी पुढे केला. मुलगा खूष. "नो नो मॅडम, इट्स ओके." मग तिनं दुसरा डबा काढला. तोच आकार, तोच रुमाल, तीच गाठ. स्वयंपाकघराच्या दाराशी आपा उभी होती, तिच्यासमोर गेली, आणि तितकीच वाकली. बोटभरही कमी नाही. मी बघत होते.

ती गेल्यावर मुलगा काय म्हणाला असेल? "बघ अम्मी, क्लियर झालं ना."

एवढंच त्याला दिसलं. मी पातेलं शोधलं, पण आपानं ते आधीच घासून ठेवलं होतं.

मग मी सांदणं करायला बसले. या वेळी चुका काढत नाही, स्वतः. मनगट दुखलं तर दुखलं. दोन डबे आले होते, दोन्ही परत जायला हवेत. संध्याकाळी अजानीच्या आधी मी आतली चटई उचलून गुंडाळून ठेवली. टेबलाला खुर्च्या चारच. एकीवर मी बसले, नात तिच्या जागी, सून तिच्या. चौथी मी ओढली आणि आपाला म्हटलं, बस. ती नको नको करायला लागली. मी म्हटलं, पाचव्या मजल्यावर बसलीस, तिसऱ्यावर काय झालं? सुनेनं माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या समोरचं खजुराचं ताट थोडं तिकडे सरकवलं. आपा खुर्चीच्या अगदी कडेला बसली, उठायच्या तयारीत.

अजान झाली. मुलगा हात धुऊन आला आणि खुर्चीमागे उभा राहिला.

"अम्मी, मी कुठे बसू?"

"तू नंतर. आधी पाणी पी, आणि हे दोन डबे वर देऊन ये. गरम आहेत तोवर."

"आपा जाईल ना."

"आपा जेवतेय," मी म्हटलं.